टी-एक्केचाळीस

नेर्वाच्या खाली, जुन्या रेल्वेपुलाच्या तिसऱ्या खांबापाशी
नदी मनगटाइतकीच खोल.
पर्यटक म्हणतात, वाइनचा रंग.
मला तो गंजक्या बिजागरीखालच्या ओघळाचा वाटतो.
मासा नाही. बेडूक नाही.
फेब्रुवारीत हातातून निसटलेला माझा लोखंडी चिमटा
मे महिन्यात सापडला,
सुईएवढा उरलेला.

रबरी बूट घालून मी गाळात नळी खुपसते.
वर काढते तेव्हा काचेआड थर:
हळद, मग गेरू, मग वाळलेलं रक्त,
आणि अकरा सेंटिमीटरवर एक काळी रेघ,
काजळाचं बोट कुणी घाईत पुसावं तशी.

तिथे तो राहतो.

आपण हवा ओढतो
तसा तो गंधक ओढतो आत,
आणि सोडतो नासक्या अंड्याचा वास.
पाण्यात विरघळून गेलेलं लोखंड
त्या वासाला भेटतं
आणि पुन्हा दगड व्हायला लागतं.
डोंगर फोडून, भाजून, धुऊन
आमच्या खापरपणज्यांनी जे जे या पाण्यात सोडलं
ते हा कणाकणाने मागे बांधत बसलाय.
कुणाचे उपकार फेडायचे म्हणून? छे.
भूक लागते त्याला.
त्याच्याभोवती, केसाच्या जाडीएवढ्या अंगणात,
पाणी जरासं कमी आंबट होतं.
बस, तेवढंच त्याचं राज्य.

हवा लागली की मात्र संपला.
म्हणून नळीच्या तोंडाशी नायट्रोजनची फुंकर,
मग बूच, बुचावर मेण,
आणि मेणावर माझा अंगठा, उगाचच,
गाडी प्रयोगशाळेच्या दारात थांबेपर्यंत.

संध्याकाळी बाबांकडे.
दोनातो पारेदेस, चौतीस वर्षं खाणीत,
आता खिडकीशी.
नाकात प्लास्टिकची नळी,
पायाशी निळा सिलिंडर, म्हाताऱ्या कुत्र्यासारखा निमूट.
"हात धुतलेस?"
"तीनदा."
"तरी येतोय."
माझी बोटं धरून त्यांनी हुंगली.
"चौदाव्या पातळीवर पंप बंद पडला होता नऊ दिवस,
तेव्हा असाच.
एलादिओ म्हणाला, भूत पादलं.
काय हसलो आम्ही."
हसण्याची आठवण खोकल्यात गेली.
मी पाण्याचा पेला धरून उभी.
एलादिओचं पुढे काय झालं
ते या घरात कुणी विचारत नाही.

"हा तुझा प्राणी," श्वास जागेवर आल्यावर म्हणाले,
"हवेवाचून जगतो म्हणतेस?"
"हवेनेच मरतो."
त्यांनी सिलिंडरचा काटा पाहिला,
मग मला.
"मग इथे आणू नकोस त्याला.
आमचं दोघांचं जमायचं नाही."

"नाव काय त्याचं?"
"अजून नाही. टी-एक्केचाळीस."
टेबलाच्या खणात थोडा वेळ खडखड.
पितळी बिल्ला, वर भोक, कडा झिजलेल्या:
दोन हजार दोनशे सहा.
उतरताना खुंटीवरून घ्यायचा,
वर आल्यावर परत टांगायचा.
खुंटी रिकामी राहिली की समजायचं.
"आधी नंबरच असतो," बाबा म्हणाले.
"नाव मागाहून येतं.
बहुतेक पत्रातून, बायकोच्या हातात."

सात आठवडे बाटल्यांत काही नाही.
तीस अंशांवर नुसतं लिंबाच्या रंगाचं पाणी.
सोलेदादने एक फेकूनही दिली.
आठव्या मंगळवारी
एका बाटलीच्या तळाशी,
नखात अडकावी एवढी,
काळी भुकटी.

मी फोन उचलला. घड्याळ पाहिलं. साडेतीन.
या वेळी ते झोपतात,
आणि सिलिंडर एकटाच फुसफुसत असतो.
फोन खाली ठेवला.
वहीत लिहिलं:
टी-४१. वाढ: आहे.
मग "आहे"खाली एक रेघ ओढली,
नियमात बसत नाही तरी.